पप्पाच्या गाण्यातलं भोक

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाणी नाही. नळ आज खोकलासुद्धा नाही.

काउन्सिलचे सांस्कृतिक अधिकारी मिस्टर लॅसेल्स घाम पुसत टेकडी चढून आले आणि म्हणाले, "मिस आयोनी, तुमचे वडील म्हणजे या बेटाचा ठेवा!" याच काउन्सिलनं पप्पाला आपल्या पायऱ्यांवरून दोनदा हुसकून लावलं होतं, कारण आत जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो विचारायचा, "रात्री झोप लागते का रे?" आता त्याला जाऊन वर्ष होत आलं. उलट बोलण्याचा धोका संपला, म्हणून ठेवा झाला.

तर ९ मार्चला आमच्याच अंगणात ‘रास झेबुलन दिवस’ करायचं ठरलंय. मंत्री येणार, रेडिओवाले येणार, पप्पाचं एकुलतं एक ध्वनिमुद्रित गाणं त्याचे ढोलवाले वाजवणार आणि ते सगळ्या जमैकाला थेट ऐकू जाणार. मी म्हटलं, करा बापडे. मग साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.

"एक अडचण आहे. गाण्याला मध्ये भोक आहे."

आहे खरं. पप्पा आधी गातो (बाबिलोन म्हणजे त्याच्या भाषेत सरकार, साहेब, शहर, सगळं जुलमी जग):

कुलूप लावलंत पाण्याला, किल्ली नेलीत कुठे?
विचारतोय मी बाबिलोनला, किल्ली नेलीत कुठे?

आणि मग एकदम सगळे ढोल बंद. काही नाही. श्वास कोंडावा इतका वेळ काही नाही. मग अचानक, ‘उठा, माझ्या लेकरांनो, बसू नका, उठा!’ आणि ढोल पुन्हा सुरू.

"रेडिओवर एवढी शांतता चालत नाही," साहेब म्हणाले. "लोकांना वाटतं स्टेशन बंद पडलं. तिथे नक्की एखादी ओळ असणार. तुम्ही मुलगी आहात, शोधून द्या. नाहीतर टोपा डायमंड तयार आहे. तो भरून काढेल."

टोपा डायमंडला मी ओळखते. त्याच्या प्रत्येक गाण्यात तो आधी स्वतःचं नाव चार वेळा ओरडतो आणि मग आपल्या गाडीच्या सीटांचं वर्णन करतो. मी काही पप्पाची भक्त नाही. पण घराच्या भिंतीला भोक पडलं म्हणून कुणी त्यात डुकराचं थोबाड बसवत नाही. पप्पा तर जटावाल्या रास पंथाचा, डुकराची सावलीही अंगावर पडू द्यायचा नाही.

"ओळ मी देते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता निस्तरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

घर धुंडाळून झालं. एक ढोल, दोन कोट, एक बायबल (पानं शाबूत, त्यानं गांजा गुंडाळायला वापरली नाहीत हे विशेष) आणि सिनेटर नावाचा बोकड. बोकडाला हे नाव अशासाठी, की पप्पाला रोज सकाळी सिनेटरला शिव्या घालता याव्यात.

ओळ कुठेच नाही. पप्पा काही लिहायचाच नाही. लिहिलं की विकता येतं, म्हणायचा. त्याची तबकडी निघाली तीही त्यानं फुकट वाटली, आणि वर छापलं, ‘ही विकणाऱ्याच्या हाताला खरूज होईल.’ त्याआधी किंग्स्टनच्या एका कंपनीचा माणूस करार घेऊन आला होता. पप्पानं तो करार चुलीत घालून त्यावर पुदिन्याचा चहा उकळला आणि त्याच माणसाला पाजला. मला आठवतं, कारण दुसऱ्याच आठवड्यात आईनं माझी पेटी भरली. मी नऊ वर्षांची होते. आई म्हणाली, "जगाचा बाप व्हायचं असेल तर खुशाल हो. मला एका पोरीचा बाप हवा होता."

किंग्स्टन म्हणजे बाबिलोन, म्हणून पप्पानं तिथे कधी पाऊल टाकलं नाही. पत्र नाही. फक्त दर हंगामात मिनीबसच्या टपावरून एक नीरफणस यायचा, माझ्या नावानं, ड्रायव्हरच्या हाती. लोकांचे केस विंचरून पोट भरलं आणि पंचेचाळीस वर्षांत बापाकडून मिळाले नीरफणस.

मी असताना हे गाणं होतं का, तेही मला सांगता येत नाही. ढोल सुरू झाले की माझी रवानगी खाली वळणावरच्या नळाकडे व्हायची. पाणी कधी येईल याचा तेव्हाही नेम नव्हता. तिथे दगडावर बसायचं आणि पाणी आलं की वर हाक द्यायची. शब्द तिथवर पोचायचे नाहीत, नुसती धडधड ऐकू यायची. आता पप्पा गेल्यावर परत आले, तर चोपन्नाव्या वर्षी पुन्हा त्याच दगडावर बसते. बढती म्हणून बादली प्लॅस्टिकची मिळाली.

रविवार, १६ फेब्रुवारी

मास टायटसकडे गेले. ‘मास’ म्हणजे इथे वडीलधाऱ्याला लावायचा मान. मोठा ढोल त्याचा. जटा गुडघ्यापर्यंत, दात तीन, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. पप्पाच्या मातीला तो आला नव्हता, त्यांच्या पंथातलं कुणीच आलं नव्हतं. प्रेताच्या वाऱ्याला ते उभे राहत नाहीत. पप्पा मेला हेच टायटसला मान्य नाही.

"झेब कसा आहे?" मला बघताच त्यानं विचारलं.

"मेलाय, मास टायटस. वर्ष होईल."

"लांब गेलाय," तो शांतपणे म्हणाला. "बस. मी-आणि-मी चहा घेणार आहे."

मी-आणि-मी म्हणजे तो आणि त्याच्या आतला देव, हे मला माहीत आहे. तरी मी दोन कप मांडले. तो हसला नाही.

भोकाचं विचारलं तर त्यानं डोळे मिटले आणि तासभर उघडले नाहीत. तिथे ओळ नाहीच म्हणे. ते मौन आहे. माणूस प्रश्न विचारतो, मग गप्प बसतो, कारण आता बोलायची पाळी परमेश्वराची. "झेब त्या वेळी डोळे उघडे ठेवतो. खाली वळणाकडे बघतो. मान अशी तिरकी करतो, कान लावतो. तिकडून परमेश्वराची हाक येते."

"तिकडून मिनीबस येते," मी म्हटलं.

"चेष्टा कर. मी त्याच्याबरोबर बसायला लागलो ते तबकडीच्या वर्षी, तू गेलीस त्याच्या पुढच्या. तेव्हापासून एकदाही त्यानं ती जागा चुकवली नाही. कुणाला मध्ये गाऊ दिलं नाही. एकानं नुसता ‘हॅलेलुया’ म्हटलं, तर झेबनं त्याला चप्पल मारली."

मी घरी आले. परमेश्वराचं मौन रेडिओवाल्यांना कसं विकायचं? विकायचं म्हटलं की खरूज आलीच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पाणी परवा पहाटे आलं आणि मी उठेपर्यंत गेलं. एक बादली, तीही अर्धी.

आज फर्नच्या दारूच्या दुकानात चौकशी केली. पप्पा थेंबालाही शिवायचा नाही, पण पिणाऱ्यांना उपदेश करायला तिथेच बसायचा, आणि फर्नचं म्हणणं, त्याचं ऐकून लोक जास्त प्यायचे. तिथे प्रत्येकाकडे ओळ होती. एक म्हणाला, आमदाराच्या आईवरून शिवी होती, ती कापली. दुसरा म्हणाला, झेबला तिथे खोकला यायचा. तिसऱ्यानं चक्क गाऊन दाखवलं, सुंदर ओळ होती, माझ्या अंगावर काटा आला. मग फर्न म्हणाली, "अगं, ही साबणाची जाहिरात."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सिनेटरनं मिस क्लेमीची तूर खाल्ली. शेंगा, पानं, काठ्यांसकट.

मिस क्लेमी आमची शेजारीण, चर्चवाली, वय ऐंशीला टेकलेलं, आवाज विशीतला. पप्पानं एकदा तिच्या चर्चच्या फाटकात उभं राहून पाद्र्याला विचारलं होतं, देवाच्या घराला कुलूप कशाला, देव पळून जातो काय? तेव्हापासून तिनं आमच्या अंगणात पाय टाकलेला नाही. नळ आमच्या कुंपणाबाहेर आहे म्हणून बरं.

"तुझा बाप माझ्या धर्मावर उठला होता, तुझा बोकड माझ्या तुरीवर उठलाय!" ती कुंपणावरून ओरडली. "तुमच्या घराण्यात कुणाला तोंड आवरता येतं का गं?"

"बोकडाला तुमच्या चर्चमध्ये घेऊन जा, मिस क्लेमी. सुधारेल."

"त्याला दाढी आहे, जटा आहेत, तो तुझ्या बापाचाच चेला!"

आता बोलणं बंद आहे. ज्यांनी पप्पाचं गाणं ऐकलं त्या सगळ्यांना विचारून झालं. आता कुणी उरलं नाही.

शनिवार, १ मार्च

अंगणात सराव झाला. ढोलवाले पाच, एकूण दात बारा असतील. मी स्वतःच एक ओळ बनवली होती: ‘किल्ली आहे तुझ्याच हाती, उघड मनाचे दार.’ भोक आलं आणि मी ती गायले.

टायटसनं ढोलावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरी, हे वाढदिवसाच्या कार्डावर लिही."

मिस्टर लॅसेल्स टोपाला घेऊन आले होते, जागा दाखवायला. टोपानं गळ्यातली साखळी सारखी केली, भोकापाशी आला आणि किंचाळला, "टोपा! टोपा डायमंड! पाणी नाही तर शॅम्पेन आण!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. टायटसनं चप्पल काढली, पण वयामुळे ती फार लांब गेली नाही.

"मिस आयोनी," साहेब जाताना म्हणाले, "नऊ तारखेपर्यंत ओळ आली नाही, तर माझा नाइलाज आहे."

बुधवार, ५ मार्च

खरं लिहायचं तर मला ओळ रेडिओसाठी नको आहे.

पप्पानं सगळ्यांवर गाणी केली. पाद्र्यावर, आमदारावर, फर्नच्या गिऱ्हाइकांवर, एक तर मिनीबसच्या ड्रायव्हरवरही. लोक आजही मला थांबवून गाऊन दाखवतात, बघ, इथे झेबनं मला काय शिव्या घातल्यात. अभिमानानं. त्या सगळ्यांत माझ्यावर एक शब्द नाही. शिवीसुद्धा नाही. मला वाटत होतं, निदान त्या भोकात असेल. पोटात राग आहे तो याचा. नीरफणसावर राग काढून काढणार किती?

पाणी नाही.

शनिवार, ८ मार्च

मिस क्लेमी नळावर भेटली. बोलणं बंद असल्यामुळे ती माझ्याकडे न बघता नळाशी बोलली. "उद्या मंत्री येतोय. मोठा माणूस आला की या नळाला लाज वाटते. ज्यांना अक्कल आहे त्यांनी बादल्या लावून ठेवाव्यात."

मी बादलीशी बोलले, "सल्ल्याबद्दल आभार."

वळणापासून अंगणापर्यंत गावभरच्या बादल्यांची रांग लागली आहे. साहेबांना वाटलं सजावट आहे. ओळ नाही. टोपाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून आलंय, पप्पाच्या नावाहून मोठं.

सोमवार, १० मार्च

काल लिहिलं नाही. आज लिहिते.

दुपारी अंगण भरलं. मंत्री बसले, पंखा धरायला एक माणूस त्यांनी बरोबरच आणला होता. चर्च सुटल्यावर बायका टोप्यांसकट कुंपणाबाहेर थांबल्या, आत यायचं नाही पण एक शब्द चुकवायचा नाही म्हणून. सगळ्यांत पुढे मिस क्लेमी. रेडिओवाल्यानं बोट वर केलं, म्हणजे आता सगळं बेट ऐकतंय. मला कडेची खुर्ची मिळाली होती, वळणाच्या बाजूची. टोपा मायक्रोफोनपाशी साखळी सारखी करत होता.

ढोल सुरू झाले. टायटस पप्पाच्या जागी गात होता. आवाज फाटका, पण खोटा नाही. कुलूप लावलंत पाण्याला. मला रडू येत होतं आणि टोपाचा राग येत होता, दोन्ही एकदम, त्यामुळे धड काहीच होत नव्हतं. किल्ली नेलीत कुठे? टोपानं छाती भरून श्वास घेतला.

ढोल थांबले.

आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. खाली वळणावर नळ खोकत होता. ढोलांच्या धडधडीत तो कधीचा खोकत असेल, देव जाणे. मग बादलीच्या तळावर पहिली धार पडली.

मी काही ठरवलं नाही. चोपन्न वर्षांची बाई, अंगात नवा झगा, समोर मंत्री. तरी मी उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "पाणी आलंऽऽ! पप्पा, पाणी आलंऽऽ!"

"उठा!" टायटसनं तसंच उचललं, एक क्षण न घालवता, "उठा, माझ्या लेकरांनो, बसू नका, उठा!" आणि सगळे उठलेच. चर्चवाल्या बायका टोप्या धरून पळाल्या, फर्न पळाली, पंखेवाला पंखा टाकून पळाला. दोन ढोलवाले वाजवत राहिले, तिघे बादल्या घेऊन गेले. मिस्टर लॅसेल्सचे बूट भिजले. टोपाचं तोंड तेवढा वेळ उघडंच होतं, त्यातून शेवटपर्यंत काही आलं नाही. सगळ्या जमैकानं बादल्यांचा खडखडाट आणि मिस क्लेमीचा आवाज ऐकला, "रांग! रांग लावा, पाखंड्यांनो!"

सगळं निवल्यावर मी नळापाशी दगडावर बसले होते. पप्पाच्या दिवसाचा विचका केला म्हणून तोंड लपवत होते. मिस क्लेमी भरलेली बादली घेऊन आली आणि माझ्याशी, म्हणजे सरळ माझ्याशी, बोलली.

"पन्नास वर्षांत आवाज तेवढाच कर्कश आहे तुझा."

"चुकून झालं, मिस क्लेमी."

"चुकून कसलं? ती जागा तुझ्या हाकेचीच आहे." तिनं बादली खाली ठेवली. "ढोल बडवत असले की तुझी हाक वर पोचायची नाही. दोनदा पाणी येऊन गेलं, तू ओरडून ओरडून घसा बसवून घेतलास, कुणाला पत्ता नाही. तुझ्या आईनं असा काही तोंडाचा पट्टा सोडला म्हणतेस! तेव्हा तुझ्या बापानं गाण्यात थांबा घातला. पोरीची हाक ऐकू यावी म्हणून. थांबायचा, कान द्यायचा, हाक आली नाही की पुढे चालू."

मी म्हटलं, "पण मी गेल्यावर?"

"तू गेल्यावर नळावर कुणीच बसायचं नाही," मिस क्लेमी म्हणाली. "तरी थांबायचा."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस? सगळ्या दारुड्यांना विचारलंस. आणि तुझ्या बोकडानं माझी तूर खाल्ली."

मग मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लपवायला काही उरलं नव्हतं. मिस क्लेमीनं सांगितलं, की रडायचं तर बाजूला बसून रड, मागे रांग आहे.

बुधवार, १२ मार्च

मिस्टर लॅसेल्स आले, नवे बूट घालून. रेडिओच्या इतिहासात असं प्रक्षेपण झालं नाही म्हणे. टोपा डायमंडला माझी ती हाक त्याच्या पुढच्या गाण्यात हवी आहे. करार त्यांनी बरोबरच आणला होता.

मी त्यांना बसवलं. चूल पेटवली आणि पुदिन्याचा चहा केला. कागद चांगला जळला.

टायटसला क्लेमीचं म्हणणं सांगितलं. वाटलं, त्याचं परमेश्वराचं मौन फुटलं म्हणून खट्टू होईल. त्यानं डोळे मिटले.

"म्हणजे मी-आणि-मी चाळीसहून जास्त वर्षं नळासाठी थांबलो," तो म्हणाला.

"हो, मास टायटस."

"बरोबरच आहे. हाक तिकडूनच यायची होती." त्यानं मग चहाला दोन कप मांडले. दुसरा माझा होता.

शनिवार, १५ मार्च

मंत्री गेले, पाणीही गेलं. नळाला लाज तेवढ्यापुरतीच.

संध्याकाळी ढोलवाले वर अंगणात बसले. कार्यक्रम नव्हता, रेडिओ नव्हता, पप्पाच्या वेळी बसायचे तसे. मी बादली घेऊन खाली दगडावर गेले. शब्द इथवर पोचत नाहीत, अजूनही नाहीत. नुसती धडधड येते.

मग धडधड थांबली.

नळ कोरडा ठाक होता. मी वर बघितलं. कुंपणातून टायटस मान तिरकी करून बघत होता, आणि त्याच्यामागे सगळे.

"नाही आलं अजून!" मी ओरडले. "पण मी आहे इथे!"

ढोल पुन्हा सुरू झाले. मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसले. शेजारी सिनेटर मिस क्लेमीची उरलेली तूर खात होता, आणि मी त्याला हाकललं नाही.